आवाजाखालच्या ओळी

तिचाच आवाज तिच्याकडे परत आला. “साथ आली की जंतूंच्या आधी अफवा पोचते,” असं ती म्हणाली, आणि वाक्य संपतंय न संपतंय तोच तेच वाक्य तिच्या हेडफोनमध्ये पुन्हा उमटलं, जरा घोगरं, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं. मग त्याचा प्रतिध्वनी, मग एक लांबलचक शीळ. बुधवारचं ऑनलाइन चर्चासत्र चालू होतं. समोर चौकटीच चौकटी, बहुतेक काळ्या: आरोग्य केंद्रांवरच्या नर्सा, फवारणीची पथकं सांभाळणारे निरीक्षक, सार्वजनिक आरोग्याच्या पदविकेची मुलं, कुणी वसतिगृहातून, कुणी धावत्या बसमधून, कुणी भाजी चिरता चिरता. हा प्रकार तिला नवा नव्हता. एकाच घरात दोन यंत्रांवर सत्र लागतं, एकाचा माइक उघडा राहतो, आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊन दोघंही बोंबलायला लागतात. अशा वेळी म्हणायचं वाक्य तिला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. “कुणाकडे तरी दोन ठिकाणी सत्र चालू आहे, कृपया एक बंद करा,” असं ती म्हणाली. तांत्रिक बाजू बघणारी सहकारी, जिला ऑफिसात सगळे लाडानं बटणवाली म्हणत, तिनं अपराधी चौकट हुडकून तिचा माइक बंद केला. चौकटीवर एवढंच नाव होतं: ‘पाहुणा’. पण माइक बंद व्हायच्या आधी, त्या शिळेच्या पोटात, कुणीतरी खाकरलं होतं. आधी एक छोटं, मग दाराशी आलेल्या माणसानं वर्दी द्यावी तसं मोठं. असं दोन हप्त्यांत खाकरणारा माणूस तिला जगात एकच ठाऊक होता, आणि तो पलीकडच्या खोलीत टॅबलेटवर पत्ते खेळत बसला होता. निदान तिची तशी समजूत होती.

तिचं तोंड बोलत राहिलं. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माणसाचं तोंड असंच असतं, घाण्याच्या बैलासारखं. मालक बाजूला जाऊन बसला तरी ते आपलं फिरत राहतं. जुलाबाची साथ, पहिला आठवडा, लोकांशी काय बोलायचं आणि काय नाही. तिनं पुढची स्लाइड लावली, एक विनोद ठरल्या जागी केला, आणि मनानं ती भिंतीपलीकडे गेली. बाबा? सत्रात? पाहुणा काही आजचा नव्हता. कित्येक महिने तो येत होता. कॅमेरा कधी लावला नाही, कधी बोलला नाही, पण सगळ्यांच्या आधी हजर आणि सगळे गेल्यावर शेवटी बाहेर. बटणवाली म्हणायची, “ताई, तुमचा जावई बघा आला वेळेवर.” ती हसायची. तिला वाटायचं असेल कुणी बिचारा नोकरी शोधणारा, प्रमाणपत्रासाठी हजेरी लावणारा. आता तिला आठवलं, टॅबलेट मुळात तिच्या कामाचा होता. नवा घेतल्यावर जुना बाबांना पत्ते खेळायला दिला, तेव्हा सत्राची खूण त्याच्या दर्शनी भागावर तशीच राहून गेली होती. तिच्यावर बोट ठेवलं की यंत्र विचारणार, तुमचं नाव काय? आणि बाबांनी काय लिहावं, तर पाहुणा. राहायला आले त्या पहिल्या दिवशी, चपला काढता काढता ते हेच म्हणाले होते, “लेकीच्या घरी बाप म्हणजे पाहुणाच. फार दिवस राहिला तर मासळीसारखा वास मारतो.” ती रागावली होती. त्यावर ते काहीतरी भलतंच बोलले होते, काय ते आता आठवत नव्हतं, पण तिच्या रागाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे तेव्हाही तिला खटकलं होतं.

असं भलतंच बोलणं मग वाढत गेलं. सुरुवातीला तिनं मनावर घेतलं नाही. “बाबा, दूध संपलंय,” म्हटलं की ते म्हणत, “ऊन कुठलं, आभाळ आलंय.” तिला हसू यायचं. मग हळूहळू हसू आटलं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, सांगितलेलं काम केलेलं नाही, आणि विचारलं तर ओशाळं हसून, “विसरलो बघ.” पाहुणे आले की ते खोलीत जाऊन बसत. फोन वाजला की आंघोळीला जात. दिवसातून कितीदा आंघोळ करतो हा माणूस, असं तिला वाटायचं. आणि हा माणूस कोण, तर उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेला. एका कानाला हेडसेट लावून, समोरच्या भोकांत वायरी खुपसून ज्यानं अख्ख्या गावाचं गावाशी बोलणं जुळवून दिलं, तो. लहानपणी ती आणि धाकटा भाऊ त्यांच्या मागे लागायचे, “बाबा, त्या सावकारीणबाई कशा बोलतात? स्टेशनमास्तर कसे बोलतात?” आणि बाबा हुबेहूब बोलून दाखवायचे. नुसत्या ‘हॅलो’वरून ते माणूस ओळखायचे. ‘हॅलो’च्या आधीच्या श्वासावरूनसुद्धा ओळखतो, अशी फुशारकीही मारायचे. आई म्हणायची, “कानांचं खातोय मेला, म्हणून कानांची मिजास.” आई हे ओरडून म्हणायची. आई सगळंच ओरडून म्हणायची. शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत त्यांच्या घरातली आमटी आळणी झाल्याची बातमी जायची.

“मॅडम, एक शंका होती,” कुठल्याशा चौकटीतून एक कोवळा आवाज आला. पदविकेची विद्यार्थिनी होती. “घरोघरी गेल्यावर लोक म्हणतात, आमच्याकडे कुणी आजारी नाही. पण दोरीवर धुतलेल्या चादरीच चादरी असतात. मग त्यांना खोटं पाडायचं का?” ती म्हणाली, “खोटं नाही पाडायचं. चादर सुंदर धुतलीय म्हणायचं, आणि बसायचं. माणूस लपवतो ते आपल्याला फसवायला नाही गं, स्वतःची लाज राखायला.” चौकटींमधून अंगठे वर झाले, कुणी टाळ्यांची चित्रं पाठवली. तिनं पाणी प्यायलं. स्वतःचं हे वाक्य तिला खुपलं, का ते मात्र कळेना.

चॅटमध्ये एक ओळ सरकली. पाहुणा लिहीत होता: “ओळी दिसत नाहीत.” त्याखाली बटणवालीचं अदबशीर उत्तर आलं: “आजपासून ओळी बंद ठेवल्या आहेत. क्षमस्व.” मग पाहुण्याचं एकाक्षरी वाटावं इतकं छोटं उत्तर: “बरं.” ते ‘बरं’ तिनं वाचलं. ते तिला ऐकूच आलं. जेवण उशिरा झालं की बाबा जे म्हणतात ते ‘बरं’. शनिवारी धाकटा गाडी घेऊन येणार आहे, असं तिनं गेल्या आठवड्यात त्यांना सांगितलं, त्यानंतरचं ‘बरं’. त्या दिवशी तिनं कागदावर लिहून दिलं होतं, कारण सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही, असं आता सगळ्यांचं ठरलं होतं. कागद वाचून त्यांनी नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

ओळींचं प्रकरण असं होतं. मध्यंतरी एका कर्णबधिर विद्यार्थ्याच्या विनंतीवरून संस्थेनं सत्राला नवी सोय जोडली. बोलणारा बोलेल तसं त्याच्या चौकटीखाली यंत्र आपोआप लिहीत जायचं. लिहायचं कसलं, ठेचकाळायचं. ‘निर्जंतुक’चं ‘निर्जन तूप’ करायचं, ‘गोवर’चं ‘गो वर’. लोक हसायचे, चालवून घ्यायचे. पण गेल्या बुधवारी खुद्द संचालक सत्रात होते. तिनं समारोपाला नेहमीचं, आवाज चढवून म्हणायचं वाक्य म्हटलं, “साथ रोखायची, हे एकट्यादुकट्याचं काम नाही,” आणि खाली यंत्रानं ठळक अक्षरात लिहिलं: ‘साथ राखायची, हे एकट्यादुकट्याचं काम नाही.’ एका मात्रेचा फरक. चॅटमध्ये खसखस पिकली. कुणी लिहिलं, मॅडम, लग्नाच्या शुभेच्छा देताय का. आजार आणि सोबत या दोन्हींना एकच शब्द ठेवणारी आपली भाषा, त्यात यंत्राची काय चूक, असं तिचं मत होतं. पण संचालकांना विनोद झेपत नसत. दुसऱ्या दिवशी फर्मान आलं, दर्जा सुधारेपर्यंत ओळी बंद. तो कर्णबधिर मुलगा अभ्यासक्रम पुरा करून केव्हाच गेला होता, तेव्हा कुणाचं काही अडणार नाही, असं तिनंच लिहून कळवलं. कुणाचं अडतंय ते बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

आणि त्याच बुधवारी जेवताना बाबा म्हणाले होते, “छान म्हणालीस. राखायची. एकट्याचं काम नाही ते.” ती चमकली होती. कशाचा कशाला मेळ नव्हता. त्या क्षणी ती डाळ वाढत होती आणि डॉक्टरांचा अहवाल धाकट्याला पाठवायचा का, याच विचारात होती. “काय राखायची, बाबा?” असं तिनं विचारलं, तर ते हसून म्हणाले, “हो, थोडीच वाढ.” तिनं पळी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. नंतर फोनवर धाकट्याला तिनं हा प्रसंग सांगितला. तो म्हणाला, “ताई, आता तू हट्ट सोड. तुझं काम सांभाळून तू त्यांना किती बघणार? इथलं वृद्धांचं केंद्र चांगलं आहे गं. बाग आहे, चोवीस तास माणसं आहेत. माझ्या घरापासून जवळ आहे. विसराळू माणसांना ते फार प्रेमानं वागवतात.” तो रडत होता हे तिला कळलं. तीही रडली. दोघांनी मिळून वडिलांना प्रेमानं निरोप द्यायचा ठरवला. आणि त्या निरोपाचा पाया काय, तर एक मात्रा.

आता ती पडद्याकडे बघत होती, आणि एकेक गोष्ट आपणहून उठून येऊन समोर बसत होती, सभेला उशिरा आलेली माणसं पुढच्या रांगेत येऊन बसावीत तशी. डॉक्टरांची तपासणी. तीही ऑनलाइनच झाली, याच टेबलावर, याच लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर. मोठे नावाजलेले डॉक्टर, स्वभावानं गोड. “आजोबा, आज वार कोणता?” बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ठासून सांगितलं, “चार कुठले? साडेपाच वाजले.” डॉक्टरांनी खाली बघून काहीतरी टिपलं. ती शेजारीच बसली होती. तिच्या ओठावर प्रश्न आला होता, बाबांच्या कानाशी जाऊन नुसता पुन्हा म्हणायचा. पण चाचणीचा नियम तिला डॉक्टरांपेक्षा चांगला पाठ होता: नातेवाइकांनी प्रश्न पुन्हा सांगू नये, खुणा करू नयेत, मदत करू नये. हा नियम ती दर वर्षी मुलांना शिकवायची. म्हणून ती हाताची घडी घालून, चेहरा कोरा ठेवून बसून राहिली. एवढी शिस्त दुसऱ्या कुणाच्या मुलीनं पाळली नसती. बाबांनी मध्ये एकदा तिच्याकडे पाहिलं होतं, तिच्या ओठांकडे. आणि ते ओठ मिटलेले होते. मग डॉक्टर म्हणाले, “शंभरातून सात वजा करा, आणि करत जा.” शेल्फावर आईचा फोटो होता, त्याच्याकडे बघत बाबा म्हणाले, “शंभरातून साथ वजा केल्यावर काय उरायचं, डॉक्टर?” डॉक्टरांनी मायक्रोफोनजवळ तोंड आणून, “असू दे, असू दे आजोबा,” म्हटलं. तिनं डोळ्यांना पदर लावला. तिला ते वाक्य भरकटलेल्या मनाचं वाटलं होतं. आता लक्षात आलं, वाक्य भरकटलेलं नव्हतंच. त्यांना जे ऐकू आलं, त्याचं ते अगदी नेमकं उत्तर होतं. आणि घड्याळात तेव्हा साडेपाचच वाजले होते.

आणि आई. आई ओरडून बोलायची, ते काही तापट म्हणून नव्हे. शेवटच्या वर्षांत तर ती प्रत्येकाचं बोलणं पुन्हा म्हणायची. “काय म्हणतोस, नोकरी बदलतोस?” “अगंबाई, म्हणजे उद्याची गाडी रद्द?” मुलं वैतागायची, आईला एकदा सांगून समजत नाही म्हणायची. धाकटा तिला पोपट म्हणायचा. ती पोपट नव्हती, ती एक्स्चेंज होती. इकडची वायर तिकडे खुपसत होती, आणि कुणाला कळू देत नव्हती. ती गेली आणि सहा महिन्यांत बाबांचं डोकं गेलं, असं सगळे हळहळून म्हणाले. जोडी होती हो, एक गेल्यावर दुसरा असाच खचतो. सगळ्यांत जास्त हळहळून तीच म्हणाली होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिव्याला तो कधी दिसत नाही, हे त्या म्हणीत सांगायचं राहून गेलंय. याच खुर्चीत बसून तिनं म्हातारपणातल्या ऐकू न येण्यावर एक अख्खं सत्र घेतलं होतं. ‘आधी कान, मग स्मरण’ अशी स्लाइड केली होती, आणि ती इतक्या जणांनी पुढे पाठवली की संस्थेनं तिचं पोस्टर काढलं. ऐकू न येणारा माणूस वेंधळा वाटतो, चुकीची उत्तरं देतो, चारचौघांत जाणं टाळतो, आणि ऐकू येत नाही म्हणण्यापेक्षा विसरलो म्हणणं त्याला सोपं जातं. हे ती बोलली होती. तिच्याच तोंडचे शब्द. आणि त्या दिवशी चॅटमध्ये एक प्रश्न आला होता. पाहुण्याचा. त्यानं आजवर विचारलेला तो एकुलता एक प्रश्न: “घरच्यांनी ओळखायचं कसं?” तिला तो फार आवडला होता. “आपल्या पाहुण्यांनी लाखातला प्रश्न विचारलाय,” असं कौतुक करून तिनं त्याचं साग्रसंगीत उत्तर दिलं होतं. पाठीमागून हाक मारून बघा, म्हणाली होती. ओठ झाकून बोलून बघा. सगळ्यात आधी, त्यांच्या चुकीच्या उत्तरांचं यमक प्रश्नाशी जुळतंय का ते बघा. भिंतीपलीकडे बसून तिच्या बापानं हे सगळं वाचलं होतं, आणि मग वाट पाहिली होती. जन्मभर कानांच्या जोरावर जगलेल्या त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगणं जमलं नाही, म्हणून त्यानं आपल्या बुद्धिमान लेकीला तिच्याच वर्गात बसून विचारलं होतं. तिला रडू आलं. तिनं कॅमेरा बंद केला, “मिनिटभर थांबा, नेट अडखळतंय,” असं खोटं बोलली, आणि डोळे पुसून पुन्हा लावला.

समारोप करताना तिनं ठरलेलं वाक्य टाळलं. सगळ्यांचे आभार मानले. चौकटी एकेक करून विझू लागल्या: नर्सा, निरीक्षक, बसमधला तो, चादरवाली मुलगी. बटणवाली उरली आणि पाहुणा उरला. ती म्हणाली, “तू जा, मी बंद करते. आणि जायच्या आधी ओळी चालू करून जा.” “पण ताई, सर…” “सरांना मी सांगते.” बटणवालीनं तिच्या आवाजात काय ऐकलं कोण जाणे, पुढे एक शब्द न विचारता ओळी चालू केल्या आणि गेली.

तिनं हेडफोन काढला आणि अनवाणी पलीकडच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. खिडकीतून उन्हं तिरपी आली होती. बाबा पाठमोरे बसले होते, खुर्ची खिडकीकडे, टॅबलेट मांडीवर उशी घेऊन तिच्यावर नीट टेकवलेला, देव मांडल्यासारखा. कोपऱ्यात बॅग होती. तिनंच परवा अर्धी भरलेली; त्यावर घडी केलेला स्वेटर. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस पाणी लावून विंचरले होते. बुधवारी दुपारी ते असे का आवरून बसतात, याचाही तिनं काही वेगळाच अर्थ लावला होता. टॅबलेटवर तिची खोली दिसत होती आणि तिची रिकामी खुर्ची. बाबा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. “बाबा,” ती म्हणाली. त्यांनी मान हलवली नाही. “बाबा,” ती मोठ्यांदा म्हणाली. काही नाही. मग आईच्या आवाजात, शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जाईल अशी, तिनं हाक मारली, आणि बाबांनी नुसता कान खाजवला आणि स्वतःशीच पुटपुटले, “कुठे गेली ही?”

पुढे जाऊन खांद्यावर हात ठेवावा, असं तिला वाटलं. पण माणूस दचकला असता. आणि दुसरं म्हणजे, ते जिथे वाट बघत होते ती जागा ही नव्हती. ती परत आपल्या खोलीत आली आणि खुर्चीत बसली. “बाबा,” ती लॅपटॉपला म्हणाली. तिच्या चेहऱ्याखाली, जरा थबकून, अक्षरं आली: बाबा. “सगळे गेले. मी तुमच्याशीच बोलतेय.” ओळ आली. चॅटमध्ये पाहुणा लिहीत असल्याची खूण हलत राहिली, थांबली, पुन्हा हलली. मग उत्तर उमटलं: “राँग नंबर.”

ती हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली, आणि या वेळी कॅमेरा बंद केला नाही. “बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही.” “येतं,” पाहुण्यानं लिहिलं. मग खाली: “असं येतं.” “कधीपासून बंद झालं?” “तुझी आई होती तोवर येत होतं.” ती ते वाचत राहिली. भिंतीपलीकडे छोटं खाकरणं ऐकू आलं, मग मोठं. “मला का नाही सांगितलंत?” खूण बराच वेळ हलत राहिली, बाबा एका बोटानं टाइप करायचे. “विचारलं होतं तुला. तू उत्तर छान दिलंस.” त्यात टोमणा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांना ते उत्तर खरोखरच आवडलं होतं, आणि तेच तिला सोसेना. ती मुसमुसू लागली, आणि ओळींमध्ये त्याचं यंत्रानं ‘हं हं हम’ असं काहीतरी केलं. पाहुण्यानं लिहिलं: “रडू नको. खाली चुकीचं छापून येतंय.”

मग ती बोलत सुटली. कितीतरी महिन्यांत त्यांच्याशी इतकं बोलली नव्हती. घरात वावरताना ती आजकाल कामापुरतं, तुटक, हातवारे करून बोलायची, आणि इथे, या चौकटीत, ती लांब लांब वाक्यं बोलायची, हसायची, कोट्या करायची. म्हणून ते इथे येत होते. जुलाब आणि गोवर यांच्याशी त्यांना काय घेणं होतं? त्यांना लेक ऐकायची होती. ती म्हणाली की उद्या आपण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, चांगलं यंत्र घेऊ. ती म्हणाली की गेल्या बुधवारचं ते वाक्य तिचं नव्हतं. ‘रोखायची’ म्हणाले होते मी, बाबा, साथ रोखायची. यंत्रानं चूक केली. तिकडून उत्तर आलं: “मला यंत्राचंच पटलं.” ती म्हणाली, “शनिवारी तुम्ही कुठेही जाणार नाही.” यावर खूण हललीच नाही. तिला वाटलं ओळ उमटली नाही की काय. उमटली होती. “बाबा?” बऱ्याच वेळानं: “धाकट्याकडे डॉक्टरचा कागद आहे. मी सगळी उत्तरं चुकलो.” आणि मग: “मलाही मधूनमधून वाटतं, खरंच गेलं असेल डोकं. कळत नाही.”

तिनं ते दोनदा वाचलं. इतके महिने तिला एकटीलाच भीती वाटते आहे, अशी तिची समजूत होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच भीती बसली होती, आणि दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून तिच्याविषयी अवाक्षर काढत नव्हते. तिनं डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली, कॅमेऱ्याकडे नीट तोंड केलं, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “बाबा, शंभरातून सात वजा करा. आणि करत जा.”

खाली यंत्रानं लिहिलं: शंभरातून साथ वजा करा. आणि करत जा.

ती ओरडणारच होती, सात, साथ नव्हे, सात! पण तोवर तिकडून आलं: “सात ना? यंत्राचेही कान गेले वाटतं.” आणि मग एकाखाली एक आकडे उमटू लागले. ९३. ८६. ७९. प्रत्येक आकड्यामागे एक बोट, एक छोटं थांबणं. ७२. ६५. ती श्वास रोखून बघत होती. एखादं मूल पहिल्यांदा पायऱ्या उतरताना आपण खाली हात पसरून उभं राहतो, तशी. ५८. ५१. ४४. ३७. तिनं मनात मोजायला सुरुवात केली आणि तिचंच चुकलं. तिला बोटं वापरावी लागली. ३०. २३. १६. ९. खिडकीतली उन्हं टेबलावरून खाली उतरली होती. पलीकडून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. २.

खूण पुन्हा हलली.

“उरले दोन. यातून आता सात जात नाहीत.”

ती उठली. लॅपटॉप तसाच उघडा राहिला, तिची रिकामी खुर्ची दाखवत. बाबांच्या खोलीत गेल्यावर या वेळी तिनं दारातून हाक मारली नाही; बॅगेला वळसा घालून, खिडकीच्या बाजूनं, ती त्यांच्या समोर जाऊन बसली.